जुना होईल तसा महाग होणारा खोका

नमस्कार मंडळी. या व्याख्यानमालेत आधी ज्ञानेश्वरी झाली, हवामानबदल झाला, आणि आज व्हिडिओ गेम. आयोजकांच्या धाडसाला दाद दिली पाहिजे. पहिल्या रांगेतले काका मघाशी मला म्हणाले, "नातवाला नेमकं काय झालंय ते कळावं म्हणून आलोय." काका, नातवाचं बरं चाललंय. तो ज्या धंद्याचं गिऱ्हाईक आहे, त्या धंद्याला काय झालंय ते आज सांगतो.

मी पंचेचाळिशीचा. माझी सुरुवात डोंबिवलीच्या चाळीत, जपानी यंत्राची नक्कल असलेल्या स्वस्त व्हिडिओ गेमवर. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं, आत मोजून पंधरा-वीस खेळ, बाकी सगळी तीच तीच नावं पुन्हा. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. सगळा मामला नकली होता, पण कॅसेट आमची होती. शेजारच्या पोराला दोन दिवस द्यायची आणि बदल्यात त्याची 'कॉन्ट्रा' आणायची. पुढे नोकरी लागल्यावर अस्सल कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, घेतले, आजही घेतो. बायको त्याला 'तुझा खोका' म्हणते. हसू नका, राजकारणातला नव्हे, टीव्हीखाली ठेवायचा.

या खोक्याचा एक नियम होता: थांबला त्याचा फायदा. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००६ मध्ये तोच १२९ डॉलरला मिळत होता. आमच्यासारखे मध्यमवर्गीय त्या उताराच्या आशेवर जगायचे. नवीन निघाला की श्रीमंत मित्राकडे जाऊन खेळायचं आणि तीन-चार वर्षांनी आपण घ्यायचा.

आता नियम उलटा झालाय. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची अमेरिकेतली किंमत ५०० डॉलर होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती ५५० झाली. आपल्याकडे तो फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० ला गेला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स ५०० वरून ऑक्टोबर २०२५ मध्ये ६५० डॉलरवर. पण माझं डोकं खरं फिरलं ते निन्टेंडोमुळे. पहिला स्विच मार्च २०१७ मध्ये ३०० डॉलरला निघाला. जून २०२५ मध्ये त्याचा वारस, स्विच २, ४५० डॉलरला बाजारात आला. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी अमेरिकेत जुन्या स्विचची किंमत वाढवून ३४० डॉलर केली. आठ वर्षांचं यंत्र, घरात नवा वारस आलेला, आणि म्हाताऱ्याचा भाव वाढला! जुन्या तांदळाचं एक वेळ समजू शकतो.

असं का झालं? अमेरिकेतलं आयातशुल्क हे एक कारण झालंच, पण मूळ दुखणं चिपचं आहे. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी चिप लहान व्हायची, सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त निघायच्या, वीज कमी लागायची, पंखा छोटा, डबा छोटा, सगळंच स्वस्त. प्लेस्टेशन २ मधल्या दोन मुख्य चिप तर नंतरच्या मॉडेलांत एकाच चिपमध्ये बसवल्या होत्या. आता चिप लहान करणं इतकं खर्चिक झालंय की त्यातून ती बचत फारशी उरत नाही. भरीला एआयची डेटा सेंटरं. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपा त्यांच्याकडे वळल्यात आणि रॅमचे भाव चढलेत. म्हणजे तुमच्या नातवाचा कन्सोल महाग होण्यात त्याच्या गृहपाठ लिहून देणाऱ्या एआयचाही हात आहे.

बरं, महाग तर महाग. आपण सोनंही महागच घेतो. माझी तक्रार पुढची आहे.

माझी आई एकदा मला गेम विकत घेताना बघत होती. पैसे गेले, पट्टी सरकत सरकत डाउनलोड पूर्ण झालं. ती म्हणाली, "झालं? मग वस्तू कुठंय?" मी हसलो होतो. आज हसत नाही, कारण त्या व्यवहारात मला मिळालं ते फक्त लायसन्स. घर भाड्यानं दिलेल्या-घेतलेल्या सगळ्यांना 'लिव्ह अँड लायसन्स' माहीत आहे. अकरा महिन्यांचा करार, राहायचं, पण मालकी नाही. डिजिटल गेम तसाच आहे, फक्त त्यात अकरा महिन्यांचीही हमी नाही. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: तुम्ही लायसन्स विकत असाल तर ते स्पष्ट न सांगता नुसतं 'खरेदी करा' लिहिता येत नाही.

युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ चा. एकट्यानं खेळायचा तरी सर्व्हरला जोडलेलं राहणं सक्तीचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही खेळ संपला. डिस्कची झाली बशी. त्यावर रॉस स्कॉट नावाच्या एका यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या नागरिक याचिकेवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे: दुकान बंद करा, पण जाताना खेळ चालू राहील अशा अवस्थेत ठेवून जा. प्लेस्टेशनवाल्या सोनीच्या 'कॉन्कॉर्ड' या खेळाचं आयुष्य तर जेमतेम दोन आठवडे, २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२४. निदान त्यांनी पैसे परत केले.

स्विच २ वर नवा प्रकार आलाय, 'गेम-की कार्ड'. दुकानातून डबी आणायची, आत कार्ड असतं, पण कार्डात खेळ नसतो. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, आणि खेळताना कार्ड खोचून ठेवायचं ते वेगळंच. म्हणजे किल्ली आपली, कुलूप आपलं, घर त्यांचं. कार्डात जागा नसते असं म्हणू नका. 'सायबरपंक २०७७' एवढा अजस्र खेळ, तो स्विच २ वर ६४ जीबीच्या कार्डात अख्खा बसवून दिला. मनात असेल तर जमतं.

एक्सबॉक्सबद्दल फार बोलत नाही, वाईट वाटतं. त्यांची 'फोर्झा होरायझन ५' आणि 'गिअर्स' २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर आली, आणि एक्सबॉक्सची ओळखच असलेला 'हेलो'ही येणार म्हणून जाहीर झालं. आमच्या पिढीला 'हेलो' प्लेस्टेशनवर म्हणजे काय, हे इथे समजावणं अवघड आहे. ज्या मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये ६८.७ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घेतली, तिनंच पुढच्या मे महिन्यात 'हाय-फाय रश' करणारा टँगो हा जपानी स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. खेळ वाखाणला गेला होता, तरीही. शेवटी त्या मंडळींना क्राफ्टननं आसरा दिला. हो काकू, तीच पबजीवाली.

सगळं काळंच आहे असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये 'सिल्कसाँग' हा खेळ आला. ऑस्ट्रेलियातल्या तीन-चार माणसांचं काम, किंमत २० डॉलर, आणि त्या दिवशी गर्दीनं स्टीमसकट गेमची बरीच ऑनलाइन दुकानं कोलमडली. आपल्या पुण्याचाही एक खेळ आहे, नॉडिंग हेड्सचा 'राजी'. भावाला शोधत निघालेली मुलगी, राजस्थानी वाडे, पहाडी शैलीची भित्तिचित्रं. ऑगस्ट २०२० मध्ये तो सगळ्यात आधी कुठे आला? स्विचवर, जो कन्सोल निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. पुण्यात बनलेला खेळ पहिल्या दिवशी खेळायला पुणेकरांना लॅमिंग्टन रोडवर ग्रे मार्केटचं यंत्र शोधावं लागलं.

काकांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: "नातवासाठी घ्यायचा तर कुठला?" काका, खाच असलेला घ्या, डिस्कची. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे आला तेव्हा बिनखाचेचं मॉडेल दहा हजारांनी स्वस्त होतं, आणि लोकांना वाटलं, वाचले. सोनीचा नवा गेम ४,९९९ चा. मी डिस्क घेतो, दीड-दोन महिन्यांत संपवतो, कोणाला तरी तीन हजारांना देतो. आप्पा बळवंत चौकात आपण वर्षानुवर्षं पुस्तकांचं हेच करत आलो. चार-पाच खेळांत दहा हजार वसूल. त्यात एक गोम सांगून ठेवतो: आताच्या स्लिम मॉडेलचा डिस्क ड्राइव्ह सुटा निघतो, आणि तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. दुकानातून घरी आणलेली खाच उघडायलाही आधी त्यांच्या सर्व्हरला विचारायचं. वाय-फाय चालू असताना एकदाच जोडून घ्या आणि मग काढू नका.