कॅनॉपी तोलणारे दोन दांडे

[दृश्य: हँगर, कडक थंडीची सकाळ. आरव्ही-७ विमानाची कॅनॉपी एक हात वर ढकलतो आणि सोडतो.]

हात काढला, आणि कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, हळूहळू खाली येऊन बसली. काल दुपारी हीच कॅनॉपी व्यवस्थित उभी राहत होती. रात्रीत काही मोडलेलं नाही, फक्त पारा उतरलाय.

अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या ऑरोरा इथे व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी घरी बांधायच्या विमानांचे किट बनवते. तिच्या आरव्ही-७ ला कॅनॉपी दोन तऱ्हांनी बसवता येते: मागे सरकणारी, नाहीतर पुढच्या बिजागरीवर वर उचलणारी. उचलणाऱ्या कॅनॉपीला दोन बाजूंना दोन गॅस स्ट्रट लागतात. गाडीच्या डिकीला असतो तोच प्रकार.

[दृश्य: स्ट्रट जवळून. काळं नळकांडं, चकचकीत दांडा, टोकाला बॉलचं सॉकेट.]

नळकांड्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो आणि थोडंसं तेल. नळकांड्यावर २३० न्यूटन जोर छापलेला आहे आणि दांड्याचा व्यास ६ मिलिमीटर आहे. म्हणजे आतला दाब ८० बारच्या घरात, गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या पस्तीसेक पट.

सकाळचा प्रकार समजायला हिशेबापुरते आकडे धरू. कॅनॉपी १४ किलोची. पूर्ण उघडल्यावर तिचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून आडवा ४२ सेंटीमीटर, आणि स्ट्रटच्या जोराची रेषा बिजागरीपासून १५ सेंटीमीटर. म्हणजे प्रत्येक स्ट्रटला सुमारे १९२ न्यूटन जोर लावावा लागतो. नवा स्ट्रट २३० चा, तेव्हा हात राखून आहे. पण सीलमधून गॅस वर्षानुवर्षं झिरपतो, विमान उभं असलं तरी. दहा टक्के गेला की उरले २०७. वर तापमान दर १० अंशांनी उतरलं की जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी घटतो. २० अंशांवरून उणे ५ वर आलो तर १८९. झालं, कॅनॉपी खाली! पिस्टनमधल्या बारीक छिद्रामुळे ती धपकन न आदळता सावकाश येते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

[दृश्य: स्ट्रट वजनकाट्यावर उभा, दांडा खाली. दोन्ही हातांनी सावकाश दाब.]

तपासायला घरातला वजनकाटा पुरतो. दांडा सरकू लागतो त्या क्षणीचा आकडा वाचायचा. १० किलो म्हणजे ९८ न्यूटन. पण हा आकडा छापील आकड्याशी ताडू नका. कारखान्यात जोर मोजतात तो दांडा बाहेर येताना, आणि इथे आपण आत दाबतोय, त्यामुळे सीलचं घर्षण भर घालतं. डावा आणि उजवा एकाच तापमानाला मोजून एकमेकांशी ताडा. दोघांत फरक दिसला तर दोन्ही बदलायचे, एकटा नाही. एका बाजूने जास्त जोर लागला की चौकट पिळवटते, आणि तो पीळ कॅनॉपीच्या पारदर्शक ॲक्रिलिकवर येतो. थंडीत ॲक्रिलिक आधीच ठिसूळ झालेलं असतं.

जास्त ताकदीचा स्ट्रट घातला की प्रश्न मिटेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं करू नका. कॅनॉपी बंद असताना स्ट्रट सर्वांत जास्त दाबलेला, म्हणून त्याचा जोरही तेव्हाच सर्वांत जास्त. त्याची रेषा बिजागरीच्या वरून जात असेल, तर तो उड्डाणभर कॅनॉपीला वर रेटत राहतो आणि सगळा भार कडीवर येतो.

[दृश्य: कॅनॉपीखाली लाकडी टेकू. मदतनीस कड धरून उभा. ॲक्रिलिकवर जाड फडकं.]

काढण्याआधी टेकू, मदतनीस आणि फडकं, तिन्ही हवीत. बॉल सॉकेटवरची स्प्रिंग क्लिप छोट्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने तीन-चार मिलिमीटर उचलायची, पूर्ण उपटायची नाही. मग सॉकेट सरळ ओढलं की सुटतं. नवा स्ट्रट पूर्ण ताणलेलाच येतो आणि हाताने सहज दबत नाही, म्हणून कॅनॉपी पूर्ण उघडी ठेवूनच तो बसवा. दांडा खालच्या बाजूला, म्हणजे तेल सीलवर राहतं. उलटा लावला तर सील कोरडं पडतं आणि शेवटचा धक्काही शोषला जात नाही.

आता कॅनॉपी अगदी हळू बंद करून बघा. बंद झाल्यावरही स्ट्रटमध्ये पाचेक मिलिमीटर चाल, म्हणजे दांडा आणखी आत सरकायला जागा, शिल्लक हवी. चाल आधीच संपत असेल आणि जोराने दाबून कडी लावली, तर ब्रॅकेट वाकतं किंवा रिव्हेटची भोकं लांबट होतात. ती भोकं भिंगातून पाहा.

दांड्याला पकड लावायची नाही. बारीकसा ओरखडाही सील कापतो. रंगाचा शिंतोडाही तेच करतो. पुसायला कोरडं मऊ कापड, ग्रीस फक्त बॉलला, तेही नखभर.

[दृश्य: धावपट्टीकडेला विमान, वाऱ्यावर फडफडणारा विंडसॉक.]

स्ट्रट म्हणजे कुलूप नव्हे. मागून आलेला वारा उघड्या कॅनॉपीखाली शिरतो आणि तिला पुढे उलथवतो. मग हिसका बसतो तो बिजागरीला. वारा असेल तर कॅनॉपी बंदच ठेवा.

[दृश्य: जुने दोन स्ट्रट बाकावर.]

निकामी वाटणाऱ्या स्ट्रटमध्येही ७० बारच्या आसपास दाब असू शकतो. कापायचा नाही, तापवायचा नाही, आगीत टाकायचा नाही. बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे दाब सोडल्यावरच भंगारात.

[दृश्य: नव्या नळकांड्यावर मार्करने तारीख. शेजारी उघडी लॉगबुक.]

विमानाच्या वर्षातून एकदाच्या तपासणीला, म्हणजे कंडिशन इन्स्पेक्शनला, हीच तारीख आणि हाच काट्यावरचा आकडा पुन्हा लागेल. शेजारी आजचं तापमानही लिहायचं.