जनुक वाचता येतं, वास मोजावा लागतो

मंडळी, भाताच्या बारा गुणसूत्रांत मिळून डीएनएची साधारण ३९ कोटी अक्षरं आहेत. त्यांतली आठव्या गुणसूत्रावरची फक्त आठ गळाली की तांदळाला वास लागतो. बासमतीचा आणि जगातल्या बहुतेक वासाच्या भातांचा उगम तिथे आहे. त्या जनुकाचं नाव बीएडीएच२. ते धड असेल तर त्याचं विकर वासाचा कच्चा माल दुसरीकडे वळवतं. मोडलं की तो माल साचतो आणि त्यातून २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन बनतं. भात शिजताना घरभर दरवळतं ते हेच. एक काम बंद पडल्यामुळे मिळालेला हा गुण आहे.

म्हणून तो संकरात लपतो. वासाचं आणि बिनवासाचं भात एकत्र आणलं तर पहिल्या पिढीच्या पानाला वास नसतो, कारण जनुकाची एक धड प्रत काम भागवते. दुसऱ्या पिढीत चारांत एक झाड वासाचं निघतं. ते ओळखायची चाचणी साधी आहे. लिटरभर पाण्यात १७ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळवा. दोन ग्रॅम हिरवं पान बारीक कातरून त्या पाण्याच्या दहा मिलिलिटरमध्ये टाका, झाकण लावा, दहा मिनिटांनी उघडून हुंगा. हातमोजे घाला, हे पाणी कातडी भाजतं. दर खेपेला एक खात्रीचं वासाचं आणि एक खात्रीचं बिनवासाचं पान सोबत ठेवा. चार-पाच नमुन्यांनंतर नाक थकतं आणि सगळंच सारखं वाटू लागतं, तेव्हा थोडं थांबा. दोघांनी एकमेकांना न सांगता गुण लिहावेत.

बेळगावच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातल्या बासमतीबद्दल नेहमीची तक्रार असते की वास पूर्वीसारखा राहिला नाही. त्याला कारणं दोन जातीची. बियाण्यात भेसळ असेल, मळणीयंत्रात आधीच्या वाणाचे दाणे राहिले असतील, तर दोष जनुकाच्या बाजूचा. पान हुंगून तो सापडतो. पण बियाणं शुद्ध आणि तरी वास फिका, असंही होतं. दाणा भरताना हवा तापली, किंवा भात कडक उन्हात नाहीतर गरम हवेत वाळवलं, की वास उतरतो, कारण हा पदार्थ उडून जाणारा आहे. जनुक तेच, गुण वेगळा. ही दोन कारणं वेगळी काढल्याशिवाय बियाण्याला दोष देऊ नये, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

एका जनुकाच्या गुणाचं हे असं, तर उत्पादनासारख्या गुणाचं काय? तिथे शेकडो जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. मग शेकडो वाणांचे हजारो खुणांचे (म्हणजे वाणावाणांत वेगळ्या निघणाऱ्या डीएनएतल्या जागांचे) नकाशे काढून, कोणत्या खुणेसोबत गुण चढतो-उतरतो, ते पाहतात. इथे फसगत कशी होते पाहा. समजा, वासाची सगळी वाणं खानापूरच्या पावसाळी पट्ट्यातून गोळा केली आणि बिनवासाची सगळी तुंगभद्रेच्या कालव्याखालून. मग या दोन घराण्यांत जे जे वेगळं आहे ते सगळं वासाचं जनुक म्हणून समोर येईल, पावसात तग धरणारंसुद्धा. म्हणून वाणांचं आपसातलं नातं हिशेबात धरावं लागतं, आणि तीच वाणं दोन-तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा लावावी लागतात. बांधाकडच्या ओळी मोजणीत घेऊ नका. तिथे ऊन जास्त मिळतं, झाड उगाच चांगलं दिसतं. दाण्याचं वजन १४ टक्के ओलाव्यावर आणून लिहा.

म्हशीचं गणित अजून अवघड आहे. रेडा तीन वर्षांचा झाला, त्याचं रेत वापरलं, म्हैस दहा महिने गाभण राहिली, पारडी चार वर्षांनी व्याली, मग तिचं एक वेत मोजलं. रेडा चांगला की नाही हे कळायला आठ-नऊ वर्षं गेली. खुणांवरून अंदाज बांधायची पद्धत २००१ मध्ये मांडली गेली आणि २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन गाईंसाठी अधिकृतपणे वापरात आली. तिच्यामुळे वासराच्या चिमूटभर केसांवरून हा अंदाज येतो. पण हा अंदाज शिकायला आधी ज्यांचं दूध नीट मोजलंय अशा हजारो म्हशी लागतात. खुणा वाचणारी चिप विकत मिळते, दुधाची नोंद विकत मिळत नाही.

ती नोंद तुमच्या गोठ्यात होते. महिन्यातून एकदा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा, मापाने न घेता काट्यावर तोलून, कारण फेस मापाला फसवतो. पारडू दोन सड पीत असेल तर तसं लिहा, नाहीतर चांगली म्हैस कागदावर निम्मी होते. फॅटचा नमुना पूर्ण धार संपल्यावर, बादली ढवळून घ्या. धार काढायला सुरुवात करताना येणाऱ्या दुधात फॅट सर्वांत कमी आणि शेवटी येणाऱ्या दुधात सर्वांत जास्त असतं. कानातल्या बिल्ल्याचे बाराही आकडे लिहा, "काळी म्हैस" लिहून चालत नाही. आणि मोजणीच्या दिवशी जनावर आजारी असेल, पान्हा सोडत नसेल, तर जेवढं निघालं तेवढंच लिहून शेजारी कारण लिहा. मागच्या महिन्याचा आकडा उचलून तिथे भरू नका.