पहिलं अक्षर इच्छेचं

एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळायचो. अठरा मशिन. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, काल चालत होतं." तिच्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कोडमध्ये कोलन आणि बरोबर (:=) ही जोडगोळी होती. ती पायथन ३.८ पासूनच चालते. सराव तिने उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या २०.०४ आवृत्तीच्या मशिनवर केला होता आणि परीक्षेत वाट्याला आलं १८.०४, म्हणजे पायथन ३.६. निम्मी मशिन अपग्रेड करून उरलेली 'दिवाळीच्या सुट्टीत बघू' म्हणून मीच ठेवली होती. तिला दुसऱ्या मशिनवर बसवलं, वेळ वाढवून दिली. चूक माझीच होती.

अशा वेळी पहिला विचार येतो क्लोनचा. एक मशिन नीट लावायचं आणि त्याची डिस्क सगळीकडे उतरवायची. पहिल्या दिवशी छान वाटतं. मग एका मशिनवर कुणी काही टाकतं, दुसऱ्यावर अपडेट अर्धवट राहतं, आणि महिन्याभरात अठरा तऱ्हा होतात.

उबुंटूवर, किंवा ते ज्यावर उभं आहे त्या डेबियनवर, 'डीपीकेजी -एल' ही कमांड चालवून बघा. पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, यादी येईल. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतील. पहिलं अक्षर तुम्हाला काय हवंय ते सांगतं, दुसरं प्रत्यक्षात काय आहे ते. बहुतेक ठिकाणी 'आयआय' असतं: हवंय आणि आहे. कुठे 'आरसी' दिसलं तर समजा, पॅकेज काढलंय पण त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली अजून ठाण मांडून आहेत. आपला सगळा विषय या दोन अक्षरांत आहे. मशिनं एकमेकांशी जुळवत बसू नका. प्रत्येक मशिन पहिल्या अक्षराशी जुळवा. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेसनी १९९३ मध्ये अनेक मशिनं सांभाळणारं सीएफइंजिन लिहिलं, तेही याच विचारातून.

पण 'हवंय'ची यादी कुठली ठेवायची? लग्नाची पत्रिका कुणाला दिली ते लिहितात, त्याच्याबरोबर कोण कोण आलं ते नाही. एक पॅकेज मागवलं की त्याला लागणारी इतर आपोआप येतात; 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही कमांड साधारण फक्त मागवलेल्यांची, म्हणजे पत्रिकांची, यादी देते. (इन्स्टॉलरने बोलावलेलेही त्यात घुसतात, ते हाताने निवडावे लागतात.) सगळीच पॅकेजं लिहून ठेवलीत तर पुढच्या आवृत्तीत फसाल. १८.०४ मधलं असंच सोबत येणारं 'लिबआयसीयू६०' २०.०४ मध्ये 'लिबआयसीयू६६' झालं. जुन्या नावाने हाक मारली तर ओ कोण देणार?

ही यादी मी ॲन्सिबलच्या फाइलीत टाकली; फाइलीत लिहिलेलं सगळ्या मशिनवर लावणारं ते साधन. भर घालणं सोपं, काढणं अवघड. फाइलीतली ओळ पुसली म्हणून पॅकेज जात नाही; ॲन्सिबलला ते दिसेनासं होतं, एवढंच. 'ॲबसेंट' (नको) असं स्पष्ट लिहावं लागतं. निक्सओएस या दुसऱ्या लिनक्समध्ये ही कटकट नाही. तिथे अख्खी सिस्टिम यादीवरून बांधली जाते: यादीतून गेलं की पुढच्या बांधणीत ते नसतंच, आणि बिनसलं तर बूट मेनूतून मागची बांधणी निवडता येते. पण त्यासाठी निक्सची भाषा शिकायला हवी, आणि माझ्यानंतर लॅब सांभाळणाऱ्यावर ते लादायला मन धजलं नाही.

म्हणून माझ्या फाइलीत 'नको'च्या ओळी साचत गेल्या. त्यातली काही पॅकेजं कशाची होती हे आता मलाही आठवत नाही, पण ओळ पुसायचा धीर होत नाही.