मुंग्या, पंप आणि डब्याची मागची बाजू

मंडळी, विषय प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी पाण्यात ढवळून प्यायच्या पावडरीचा आहे आणि तुमच्यापैकी निम्म्या लोकांना माझ्याकडून एवढंच हवंय: कुठला डबा घेऊ ते सांगा, म्हणजे आम्ही मोकळे. नाव मी सांगणार नाही. नाव तेच राहतं आणि आतला फॉर्म्युला बदलतो, हे डबे विकत घेणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. डबा कसा वाचायचा, ते मात्र सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करून टाकू. स्नायू वाढतात ते व्यायामाने, पोटात गेलेल्या प्रथिनांनी आणि झोपेने. प्रथिनं दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण 1.6 ग्रॅम. प्री-वर्कआउट फार तर तुमच्याकडून एक-दोन रेप्स, म्हणजे वजन एक-दोनदा जास्त उचलून घेईल. आता होतं काय, की डब्यातलं जे आपल्याला जाणवतं त्यावरून आपण डब्याची किंमत करतो. नेमकं इथेच फसायला होतं.

मुंग्यांचंच बघा. स्कूप पाण्यात ढवळून प्यायलं, पंधरा-वीस मिनिटांत कान गरम, गालांवर, बोटांवर मुंग्या. लगेच मित्राला सांगायचं, "लागलं रे!" या मुंग्या डब्यातल्या बीटा-ॲलनिन नावाच्या अमिनो आम्लाच्या. ते त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांना डिवचतं, बाकी काही नाही. घाबरण्यासारखं नाही, पण त्यावर खूश होण्यासारखंही नाही. बीटा-ॲलनिनचं खरं काम स्नायूत कार्नोसिन वाढवण्याचं. कार्नोसिन साठलं की जोराच्या श्रमात वाढणारी आम्लता थोडी आवरली जाते. त्यासाठी रोज 3.2 ते 6.4 ग्रॅम, आणि तेही निदान चार आठवडे, न चुकता. म्हणजे आज आलेल्या मुंग्यांचा आजच्या सेटशी काही संबंध नाही. शिवाय फायदा दिसतो तो एक ते चार मिनिटं चालणाऱ्या श्रमात. पाच रेप्सचा जड सेट अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो, तिथे त्याला वाव कुठे?

कॅफिन मात्र खरंच चालतं. मेंदूत थकव्याचा निरोप देणारं ॲडेनोसिन जिथे जाऊन बसतं, ती जागा कॅफिन अडवतं, म्हणून तेच वजन हलकं वाटतं. अभ्यासांमध्ये सहसा दर किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम वापरतात. सत्तर किलोच्या माणसाला हे 210 ते 420 होतात. दुसरीकडे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रॅमची आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि मग एका स्कूपमध्ये 350 मिलिग्रॅम लिहिलेला डबा हातात घ्या. दिवसभराचा चहा-कॉफी अजून मोजलाच नाही! माझं म्हणणं, सुरुवात अर्ध्या स्कूपने करा. पुष्कळांचं तेवढ्यात भागतं.

संध्याकाळी जिमला जाणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. सात वाजता 300 घेतलं तर रात्री बारालाही 150 अंगात आहे. झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी अंग जड, मग स्कूप मोठा. ज्या झोपेत स्नायू भरून निघायचे तीच घालवून बसायचं, हा कुठला व्यवहार?

पंपबद्दल, म्हणजे व्यायाम करताना स्नायू फुगतात त्याबद्दल थोडक्यात. डब्यातल्या सिट्रुलिनचं मूत्रपिंडात आर्जिनिन होतं, त्यापासून नायट्रिक ऑक्साइड, आणि रक्तवाहिन्या सैलावतात. अभ्यासांत सिट्रुलिन मॅलेट 6 ते 8 ग्रॅम देतात. निकाल मिश्र आहेत. नुसतं आर्जिनिन लिहिलेलं असेल तर त्यातलं बरंचसं आतडी आणि यकृतच संपवतात. आरशात दंड फुगलेला दिसतो तो थोड्या वेळाने उतरतो. आरशाचा आनंद घ्या, माझी हरकत नाही.

आणि ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम, ते जोराच्या श्रमात स्नायूंना ऊर्जा पुरवायला मदत करणारं क्रिएटिन घेताना काहीही जाणवत नाही. ना मुंग्या, ना धडधड. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पाणी धरल्यामुळे वजन किलोभर वाढेल, एवढंच. ते साठून काम करतं; रोज 3 ते 5 ग्रॅम, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, वेळ कुठलीही. मग ते प्री-वर्कआउटमध्ये ग्रॅम-दोन ग्रॅम टाकून, आठवड्यातून चारच दिवस पोटात जाऊन काय साधणार? साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट वेगळं घ्या. नावापुढे भारदस्त विशेषणं लावलेले महाग प्रकार त्याहून सरस ठरलेले नाहीत.

आता डबा उलटा करा. समजा मागे लिहिलंय: "परफॉर्मन्स ब्लेंड, 6 ग्रॅम", आणि खाली सिट्रुलिन मॅलेट, बीटा-ॲलनिन, क्रिएटिन, टॉरिन, कॅफिन, सगळ्यांचा मिळून एकच आकडा. बेरीज करून बघा. सिट्रुलिन मॅलेटलाच सहा ग्रॅम हवेत, बीटा-ॲलनिनला तीनच्या वर, क्रिएटिनला तीन. बारा ग्रॅमचा माल सहा ग्रॅमच्या जागेत कसा बसला? नाही बसला, प्रत्येकाची चिमूट टाकली आणि नाव छापलं. प्रत्येक घटकापुढे स्वतंत्र मिलिग्रॅम नसेल तर डबा परत फळीवर ठेवा. चव-बिव नंतर.

ज्यांना स्पर्धेत उतरायचंय त्यांनी आणखी एक बघायचं: इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट यांसारखी बाहेरच्या तपासणीची खूण, आणि ती खूण देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर बॅच क्रमांक जुळतो का. डीएमएए नावाचं उत्तेजक एके काळी अशा डब्यांत सर्रास असायचं. ते रक्तदाब वाढवतं आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. चाचणीत सापडलं तर "मला माहीत नव्हतं" ही सबब सहसा चालत नाही.

कोरडी पावडर तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिण्याची टूम निघालीय, ती सोडा. पावडर श्वासनलिकेत जाऊन ठसका लागू शकतो आणि सगळं कॅफिन एकदम चढतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, गर्भारपण असेल, वय अठराच्या आत असेल, तर हा डबा तुमच्यासाठी नाही.

मागून एक चिठ्ठी आलीय: "क्रिएटिनने किडनी खराब होते का? माझा क्रिएटिनिनचा रिपोर्ट वाढलाय." निरोगी माणसात नेहमीच्या मात्रेने मूत्रपिंड बिघडल्याचा पुरावा नाही. पण मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात जे क्रिएटिनिन मोजतात, ते शरीरात क्रिएटिनचंच होतं, त्यामुळे आकडा थोडा वर सरकू शकतो; स्नायू जास्त असले तरी सरकतो. म्हणून अंदाज बांधत बसू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, क्रिएटिन किती आणि कधीपासून घेताय ते सांगा, आणि सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडाचीच दुसरी रक्ततपासणी करायची का, ते विचारा. तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. आणि मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय डबा उघडायचा नाही.