पाइसीची लाज आणि इतिहासकारांचं जोखड

मंडळी, १३९३ साली बल्गेरियाची राजधानी तर्नोवो ऑटोमन तुर्कांच्या हाती पडली आणि १८७८ साली बल्गेरिया पुन्हा नकाशावर आला, हे तुम्ही जाणता. त्यात वेळ घालवत नाही. मधल्या जवळजवळ पाचशे वर्षांत बल्गेरियन माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे इतिहासकारांनी कसं रंगवलं, हा आजचा विषय. दबलेली, झोपलेली, पाठीत वाकलेली रयत, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवलं गेलं. मला ते पटत नाही.

सुरुवात पाइसी हिलेंदार्स्कीपासून करू. हा ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या ख्रिस्ती मठातला साधू. १७६२ साली त्यानं आपल्या लोकांचा छोटासा इतिहास लिहून पुरा केला. त्यात तो स्वकीयालाच खडसावतो: अरे मूर्खा, स्वतःला बल्गेरियन म्हणवून घ्यायची लाज का वाटते तुला? हे वाक्य तिथल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असतं. आणि वर्गात समजावून सांगतात की बघा, गुलामीनं माणूस किती खचला होता!

अहो, पण पान उलटून तर बघा! ही लाज कुणापुढची? सुलतानापुढची नव्हे, ग्रीकांपुढची. ग्रीक शिकलेले, व्यापारात पुढे, चर्चमध्ये बिशपही त्यांचेच. चार पैसे गाठीला आलेला बल्गेरियन घरात ग्रीक बोलू लागे. मठात सर्ब आणि ग्रीक साधू हिणवत, तुम्हाला इतिहासच नाही म्हणून. पाइसी त्या टोमण्यांनी पेटला होता. ग्रीक हुशार असतील, तो म्हणतो, पण देवाला साधे लोक प्रिय. आदमपासून दाविदापर्यंतचे सगळे पूर्वज नांगर धरणारे आणि मेंढरं राखणारेच होते. हा वर चढू पाहणाऱ्या, प्रतिष्ठेसाठी धडपडणाऱ्या समाजातला वाद आहे. खचलेल्या माणसाला असली लाज वाटायला सवडच नसते.

त्या पोथीचा प्रवासही बघा. १८४४ पर्यंत ती छापलीच गेली नाही. हातानं नकला होत राहिल्या. १७६५ साली कोतेल गावच्या पुजाऱ्यानं, जो पुढे बिशप सोफ्रोनी म्हणून गाजला, नक्कल करून ती चर्चला दिली आणि चोरणाऱ्याला शाप लिहून ठेवला. मला तो शाप फार आवडतो! पुस्तक चोरीला जाईल ही भीती कुठे असते? जिथे वाचणारे असतात तिथे.

आता उलट टोक. दक्षिण बल्गेरियातल्या रोदोपी डोंगरात सतराव्या शतकात ख्रिस्ती लोकांचं सक्तीनं इस्लाममध्ये धर्मांतर झालं, असं सांगणारी मेतोदी द्रागिनोव याची बखर १८७० साली प्रसिद्ध झाली. मूळ हस्तलिखित कुणालाच दिसलं नाही, भाषाही एकोणिसाव्या शतकातली. तरी तिच्यावर हुतात्म्यांचं केवढं चित्र उभं केलं गेलं! आणि पुढे ‘हे मुळात आपलेच, बळजबरीनं बाटवलेले’ असं म्हणत बल्गेरियन सरकारनं १९८४-८५ च्या हिवाळ्यात तुर्की अल्पसंख्याकांची नावं बदलायला लावली. १९८९ साली तीन लाखांहून अधिक माणसं तुर्कस्तानात निघून गेली. इतिहासातल्या चुकीची किंमत अशी मोजावी लागते, म्हणून मी एवढा आवाज चढवून बोलतोय. १८७६ च्या उठावात बाताक गावच्या बल्गेरियनांची झालेली कत्तल खरीच आहे, तिच्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण खऱ्या जखमेला खोट्या कागदाची गरज नसते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

त्रोयानचे वकील इव्हान हाजिस्की यांचं ‘जनतेचं जीवनमान आणि मनोवृत्ती’ या आशयाचं पुस्तक १९४० आणि १९४५ साली, दोन भागांत प्रसिद्ध झालं. त्यांनी राष्ट्रीय आत्मा वगैरे बाजूला ठेवला. म्हाताऱ्या कारागिरांशी बोलले. उस्ताद, कारागीर, उमेदवार, कारागिरांचा संघ यांतून काटकसर, अब्रूची भीती आणि शेजाऱ्याशी चढाओढ कशी घडते ते दाखवलं. सुलतानाच्या फौजेसाठी जाड लोकरी कापड विकणारी गावंच १८३५ साली गाब्रोवोत नवी शाळा काढणारी, १८५६ पासून स्विश्तोवसारख्या ठिकाणी वाचनघर उभारणारी होती. आणि घर, दुकान, हिशेब जपणारी अशी माणसं १८७६ साली चेरीच्या लाकडाच्या, लोखंडी कड्या ठोकलेल्या तोफा घेऊन सुलतानाविरुद्ध का उठली, हा प्रश्न हाजिस्कींनी विचारला. झोपलेल्या रयतेच्या चित्रात त्याला उत्तरच नाही.

१६८८ चा चिप्रोव्त्सी गावचा सुलतानाविरुद्धचा उठाव राहिला. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचाराच.