लिंबूटिंबूवर राज्य येतं तेव्हा

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत आजचा विषय 'मुलांचा भावनिक आणि नैतिक विकास : टप्पे' असा छापलाय. टप्प्यांकडे मी येणारच आहे. पण आधी हात वर करा पाहू, लहानपणी लिंबूटिंबू कोण कोण होतं? वा, निम्मं सभागृह! पहिल्या रांगेतल्या आजींनी तर दोन्ही हात वर केलेत.

धाकटं भावंड सांभाळायचंय आणि खेळायचंही आहे, या पेचातून पोरांनीच काढलेली ही वाट. लहानग्याने पळावं, लपावं, ओरडावं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. आणि होता होईतो ते त्याला कळूही द्यायचं नाही. आठ-नऊ वर्षांची पोरं हे सांभाळतात. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर 'सहानुभूती' हा शब्द कितीदा लिहिला असेल. पण ती दिसायची मधल्या सुट्टीत.

आता माझ्या नातवाची गोष्ट सांगतो, जरा लांबेल. पाच वर्षांचा होईपर्यंत तो आमच्या सोसायटीत लिंबूटिंबू होता. एका संध्याकाळी त्याला ते उमगलं. "मला पण राज्य पाहिजे," म्हणून हटून बसला. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ऐकत होतो. पोरांनी खेळ थांबवला आणि पाण्याच्या टाकीवर बसून चर्चा केली. 'टाइम प्लीज' दोनदाच घेता येईल, जिन्यात लपायचं नाही, असं सगळं त्याला समजावून सांगितलं. मग राज्य दिलं. तीन डाव झाले तरी त्याला कुणी सापडेना. रडायला लागला. तेव्हा त्यांच्यातली मोठी, दहा-अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "रडलास तरी चालेल. पण राज्य सोडून घरी जायचं नाही."

मंडळी, याहून चांगलं वाक्य मला आजवर कुठल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकायला मिळालेलं नाही. दुःखाला मुभा आहे, पळून जायला नाही.

आणि मी काय केलं? चपला सरकवल्या, खाली गेलो, मुलांना रागावलो आणि नातवाला कडेवर घेऊन वर आलो. दुसऱ्या दिवशी तो खाली गेला, तर पुन्हा लिंबूटिंबू. पोरांचा न्याय बरोबर होता, ज्याचे आजोबा येतात त्याच्यावर राज्य कसं देणार? दिवाळीची सुट्टी उलटेपर्यंत त्याने पुन्हा राज्य मागितलं नाही. ते चार-पाच आठवडे माझ्यामुळे गेले, हे मला अजून बोचतं.

आमच्याकडे आता 'आवारात खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी लागली आहे. गाड्यांना ओरखडे पडतात म्हणे. पडत असतील. पण कट्टी घेणं, दोन दिवस कुढणं, मग आपणहून बट्टीची बोटं पुढे करणं, हे पोरांनी शिकायचं कुठे? चित्रकलेच्या क्लासला आई शेजारी बसलेली असते. तिथे भांडण झालंच तर लगेच 'सॉरी म्हण' असा हुकूम सुटतो आणि मूल सॉरी म्हणून मोकळं होतं. समोरच्याला काय झालं, हे त्याने पाहिलेलंच नसतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा टप्पे भराभर सांगतो. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांबरोबर चक्क गोट्या खेळायला बसले. नियम कुणी केले, बदलता येतील का, असं विचारत. लहानांच्या लेखी नियम मोठ्यांकडून आलेले, म्हणून अचल. दहा-बाराच्या पुढची मुलं म्हणत, सगळ्यांनी ठरवलं तर बदलू. त्यांचा दुसरा प्रश्न : एकाकडून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटले, दुसऱ्याने चोरून मुरांबा काढताना एकच फोडला. जास्त चुकलं कोण? लहान मुलं पुष्कळदा पंधरावाल्याला दोषी धरतात, मोठी मुलं हेतू बघतात. 1932 साली हे पुस्तकरूपाने आलं. त्यांचं म्हणणं असं, की हा पल्ला गाठायला बरोबरीच्या मुलांशी होणारी देवाणघेवाण लागते. मोठ्यांची आज्ञा पाळून तो गाठता येत नाही.

पुढे अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग यांनी टप्प्यांची शिडी मांडली : आधी शिक्षेची भीती, मग चारचौघांत चांगलं दिसणं, शेवटी तत्त्व. 1982 मध्ये कॅरल गिलिगन यांनी विचारलं, माणसांची काळजी घेणं या शिडीवर कुठे बसतं? मला तर त्या टाकीवर बसलेल्या मुलीत न्याय आणि काळजी दोन्ही एकत्र दिसले.

आणि किशोरवय, ज्यासाठी तुमच्यातले बरेच जण आलात. चौदाव्या वर्षी मित्रांचं मत आईबापांच्या मतापेक्षा जड वाटू लागतं, मित्र बघत असले की धाडसही वाढतं. तिथे 'नाही' म्हणायची, रुसवा सोसायची सवय आधी झालेली असली तर बळ मिळतं. ज्याने सातव्या वर्षी कट्टी पचवलीय, त्याला चौदाव्या वर्षी ग्रुपमधून काढून टाकलं तर दुखेल, पण त्याला परतीची वाट माहीत असते.

वेळ संपली. सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. संध्याकाळी पाच ते सात आवाराचा एक कोपरा गाड्यांविना मुलांसाठी मोकळा ठेवावा, असा अर्ज मी आमच्याकडे दिलाय. त्याच्या प्रती बाहेर टेबलावर आहेत. जाताना एकेक घेऊन जा.