रूपशूची कुरणे: रुमत्से ते कोरझोक

लेहहून मनालीकडे जाणाऱ्या महामार्गावर, तांगलांग ला खिंडीचा चढ सुरू होण्यापूर्वी, रुमत्से हे शेवटचे गाव लागते. जवाची शेते येथे संपतात. गावाबाहेर घोडेवाले तंबू, रॉकेल, शिधा आणि भांडी घोड्यांच्या पाठीवर आवळून बांधत आहेत, कारण येथून त्सो मोरिरी सरोवराच्या काठावरील कोरझोकपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठवडाभराच्या वाटेवर, पीठमीठ मिळेल असे दुकान नाही. हा प्रदेश रूपशू म्हणून ओळखला जातो. तिबेटचे चांगथांग पठार पश्चिमेकडे लडाखमध्ये जेथवर पोहोचते, तेथील हा एक तुकडा आहे आणि शेळ्या, मेंढ्या, याक व घोडे पाळणाऱ्या चांगपा लोकांची ही भूमी आहे.

उंचीविषयी प्रारंभीच सांगितलेले बरे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे. लेह शहर साडेतीन हजार मीटरवर वसलेले आहे आणि या वाटेवरचे बहुतेक मुक्काम साडेचार हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर पडतात. त्यामुळे लेहमध्ये दोन-तीन दिवस काढून शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावी लागते. सह्याद्रीत दिवसाला दोन किल्ले करणाऱ्या मंडळींना हा सल्ला हमखास कंटाळवाणा वाटतो आणि डोकेदुखीने रात्र जागून काढण्याची वेळही बहुधा त्यांच्यावरच येते.

पहिल्या दोन दिवसांत क्यामार आणि तिसालिंग येथे मुक्काम होतो आणि पाच हजार मीटरहून उंच खिंडी ओलांडल्या जातात. श्रावणात सह्याद्रीतला हातभर अंतरावरचा कडाही धुक्यात हरवतो. त्याच दिवसांत येथे मात्र हिमालयाच्या पर्जन्यछायेतली कोरडी हवा इतकी निखळ असते की तासाभरावर वाटणारी खिंड तीन तास चालूनही तेवढीच दूर दिसते. तांबूस, राखाडी, मधूनच जांभळट छटा असलेल्या उतारांवर झाड नाही, झुडूपही गुडघ्याच्या वर जात नाही. दूरवर कियांग या रानगाढवांचा कळप धूळ उडवत धावतो, बिळाच्या तोंडाशी खारीच्या कुळातला मार्मोट मागच्या पायांवर उभा राहून शीळ घालतो आणि पाहणाऱ्याचा असा समज होतो की येथे माणसाचा काही संबंध नाही. हा समज चुकीचा आहे, आणि त्याचे परिणाम या पठाराला आज भोगावे लागत आहेत.

शिबुक ला ही खिंड उतरल्यावर त्सो कार सरोवराचे पांढरी किनार असलेले खोरे उघडते. हे सरोवर एके काळी बरेच मोठे होते. आजच्या पाण्यापासून कितीतरी उंचावर, डोंगरांच्या अंगावर, जुन्या काठांच्या आडव्या रेषा अजून वाचता येतात. पाणी आटत गेले आणि क्षार मागे राहिले. शेजारचे स्तार्त्सापुक त्सो मात्र गोड्या पाण्याचे आहे आणि त्याच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच उन्हाळ्यात घरटी करतात. २०२० साली या दोन्ही सरोवरांच्या पाणथळ प्रदेशाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पर्यटकांच्या तळांवरील उष्ट्यावर पोसलेली मोकाट कुत्री या क्रौंचांची अंडी आणि पिल्ले खातात, ही येथील मोठी चिंता आहे.

त्सो कारच्या मिठावर रूपशूचे अर्थकारण अनेक पिढ्या चालले. चांगपा मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान लोकरी पिशव्या लादून हे मीठ नेत आणि झंस्कारसारख्या शेतीच्या खोऱ्यांतून त्याच्या बदल्यात जव आणत. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातला फरक चटकन कळेल. आपला धनगर शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरे बसवतो, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेतो आणि पुढच्या शिवाराकडे सरकतो. त्याच्या वाटेवर पावलोपावली शेतकरी भेटतो. चांगपाच्या वाटेवर शेतकरीच नाही. त्सांपा, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, यासाठी लागणारे जव त्याला डोंगर ओलांडून आणावे लागत होते, आणि त्यासाठी त्याच्याकडे मीठ होते, लोकर होती व पश्म, म्हणजे शेळ्यांच्या अंगावरची मऊ लोकर, होती. पुढे बाहेरचे स्वस्त मीठ आले, रस्ते आले, रेशनचा तांदूळ आणि पीठ आले, आणि मिठाचे तांडे थांबले.

नुरुचेन आणि राजुंग कारू या मुक्कामांच्या परिसरात, कळप त्या बाजूला असतील तर, चांगपांची छावणी भेटते. तंबूंपाशी जाण्यापूर्वी लांब उभे राहून हाक द्यावी, कारण राखणीची कुत्री लांडग्याशी झुंजणारी असतात. ‘जुले, आमा-ले’ (नमस्कार, आई) असे म्हटल्यावर वयस्कर बाई हात हलवून आत बोलावतात. याकच्या केसांच्या विणलेल्या पट्ट्या जोडून केलेला काळा तंबू म्हणजे रेबो. त्याचे दोन भाग मध्ये जोडलेले असतात आणि मधल्या फटीतून चुलीचा धूर बाहेर जातो व उजेड आत येतो. जमीन थोडी खोदून, भोवती दगडांची बुटकी भिंत रचून वाऱ्याला अडवलेले असते. चुलीत वाळलेले शेण आणि लेंड्या जळतात, लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा वाटीत पडतो आणि तो अर्धा झाला की पुन्हा भरला जातो. आता पुष्कळ कुटुंबे हलके पांढरे कापडी तंबू वापरतात. रेबो वजनाने भारी असतो, त्याची वाहतूक कष्टाची असते, आणि छावणी हलवायला जेथे ट्रक पोहोचतो तेथे लोक ट्रक बोलावतात; त्यात हळहळण्यासारखे काही नाही, हळहळ पाहुण्यांनाच वाटते.

दूध काढण्याची वेळ झाली की शेळ्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या केल्या जातात आणि त्यांच्या माना एकमेकींत अडकवून एकाच लांब दोराने गुंतवल्या जातात. स्त्रिया मागून एकेक शेळी पिळत पुढे सरकतात. काम संपले की दोराचे टोक ओढले जाते आणि सगळी रांग क्षणात सुटते. दुधाचे लोणी होते, ताकापासून छुर्पे हे कडक चीज वाळवले जाते आणि हिवाळ्याची बेगमी होते. विणकामही दोघांत वाटलेले आहे: स्त्रिया कमरेला बांधायच्या मागावर लोकर विणतात, पुरुष वेगळ्या, जमिनीवर रोवलेल्या मागावर तंबूच्या पट्ट्या आणि ओझ्याच्या पिशव्या विणतात.

जगभरच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या पश्मिना शालींचा तंतू ज्या शेळ्यांचा, त्या चांगथांगी शेळ्या याच. हिवाळ्यात तापमान उणे ३० अंशांपर्यंत आणि त्याखालीही उतरते, तेव्हा त्यांच्या राठ केसांखाली पश्मचा मऊ थर वाढतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी हा थर सैल होतो. शेळीला आडवी पाडून, पाय बांधून, लोखंडी दातांच्या फणीने तो विंचरून काढतात. हा तंतू साधारण १२ ते १४ मायक्रॉन जाडीचा असतो आणि एका शेळीपासून पाव किलोच्या आसपास कच्चा माल निघतो, ज्यातील राठ केस आणि धूळ वेगळी केल्यावर निम्म्याहून कमी उरतो. लेहमधील सहकारी संस्थेच्या यंत्रावर ही सफाई होते आणि पुढे कताई व विणकामासाठी बराचसा माल काश्मीरला जातो. हा मार्ग फार जुना आहे. लडाख आणि तिबेट यांच्यातील १६८४च्या तिंगमोसगंग तहातच पश्मच्या व्यापाराचा हक्क काश्मिरी व्यापाऱ्यांकडे राहील अशी तरतूद होती. शालीची कीर्ती काश्मीरच्या नावावर जमा झाली, ती तेव्हापासूनच्या या व्यवस्थेमुळे.

आता कुरणांकडे वळू. प्रत्येक समूहाचा गोबा, म्हणजे मुखिया, कुटुंबप्रमुखांशी बसून ठरवतो की कोणत्या छावणीत किती दिवस राहायचे, कोणत्या दिवशी हलायचे आणि कोणता उतार हिवाळ्यासाठी राखून ठेवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये एखादे ओढ्याकाठचे कुरण हिरवेगार आणि निर्मनुष्य दिसते, त्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की ते फेब्रुवारीसाठी सांभाळलेले आहे. गिर्यारोहकांच्या तुकड्या नेमक्या याच ठिकाणी तळ ठोकतात, कारण पाणी असते, सपाटी असते, गवत असते. त्यांचे १५-२० घोडे एका रात्रीत जे खातात, ते हिवाळ्यात कुणाच्या तरी शेळीच्या वाट्याचे असते. २०१३च्या आरंभी चांगथांगात जबर बर्फवृष्टी झाली आणि हजारो जनावरे उपासमारीने दगावली. तेव्हा राखीव गवताची किंमत सगळ्यांनाच कळली. तळाची जागा निवडण्यापूर्वी जवळच्या छावणीत विचारणे आणि घोड्यांच्या चाऱ्याचे पैसे देणे ही आयोजकांची जबाबदारी आहे. काही आयोजक ती पाळतात. बरेचसे अजून पाळत नाहीत.

कुरणांवरचा ताण जुना आहे. तिबेटमधून निर्वासित आपले कळप घेऊन लडाखमध्ये आले, १९६२ नंतर सीमा बंद झाली आणि पूर्वेकडील हिवाळी चराईची वाट तुटली. शेजारच्या खारनाकमधील बहुतेक कुटुंबे लेहजवळ खारनाकलिंग या वस्तीत राहायला गेली आहेत. मुलांचे शिक्षण हे त्यामागचे मोठे कारण. पुगा येथे भटक्या पशुपालकांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे, परंतु शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणाला उणे ३० अंशांत कळप राखण्याऐवजी लेहमध्ये टॅक्सी चालवावीशी वाटली, तर त्याला दोष देता येत नाही.

आणि आता सौर ऊर्जा. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखमधील १३ गिगावॉट क्षमतेच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पासाठी वीजवाहिन्या उभारण्यास मंजुरी दिली. प्रकल्पासाठी लेह-मनाली महामार्गावरील पांग परिसरातील जे पठार पाहण्यात आले, तेथे खारनाक आणि रूपशूचे कळप चरतात. स्वच्छ विजेची गरज कोणी नाकारत नाही. पण सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवलेल्या जमिनीचे वेळापत्रक गोबाच्या डोक्यात असते, आणि निर्णय घेण्यापूर्वी ते विचारून घेण्याची पद्धत अजून रुळलेली नाही.

शेवटची मोठी खिंड यालुंग न्याऊ ला. उंची ५,४०० मीटरच्या घरात; समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब येथे जेमतेम निम्मा. माथ्यावरून त्सो मोरिरीची निळी पट्टी दिसते आणि उतारावर कोरझोक फू या कुरणात उन्हाळी तंबूंची दाटी लागते. खाली कोरझोक गाव, त्याचा गोंपा (बौद्ध मठ), जवाची थोडी शेते, अतिथिगृहे आणि लेहहून आलेल्या मोटारी आहेत. सरोवराच्या काठावर तंबू ठोकायला मनाई आहे. येथे सामान उतरते, हिशेब होतो, पर्यटक जीपने दिवसभरात लेहला पोहोचतात. बरेचसे घोडेवाले मात्र रिकामी जनावरे घेऊन त्याच वाटेने चालत परत जातात, आणि नुरुचेनला, राजुंग कारूला घोड्यांना पुन्हा गवत लागते.